एप्रिलमधला हीटर

"अवो, पोरीला लग्नाला नेताय का उकडायला?" भीमाबाई कडाडली.

श्रीपतचं लक्ष इंजिनाची गरमी दाखवणाऱ्या काट्यावर होतं. तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या, दुसऱ्यांच्या नवऱ्या मांडवात पोचवल्या. शेवटी मालकानं भंगारात काढलेली साठ सालची मोटार त्यानं मागून घेतली आणि तीन वर्षं खपून चालती केली. कशासाठी? तर रूपाला कर्जतहून खालापूरच्या हॉलवर आपल्या गाडीतून न्यायचं म्हणून.

गाडीत अवगुण एकच. तापायची. त्यानं रेडिएटर धुऊन घेतला, पंख्याचा पट्टा बदलला, पाण्याचे चार कॅन मागच्या सीटवर रूपाशेजारी रचले. तरी पळसदरीच्या अलीकडेच काटा लाल रेघेकडे निघाला. मग श्रीपतनं हुकमी उपाय काढला. गाडीतला हीटर पुरता चालू केला.

"इंजिनाची गरमी आत वढली की इंजिन थंड ऱ्हातं," त्यानं समजावलं.

"आन आमी?"

"आपल्याला कुठं काटा हाय!"

रूपाचं काजळ गालावर उतरलं, पांढरी साडी अंगाला चिकटली. पण काटा खरंच खाली सरकला. "थांबू नका आता, बाबा," ती पदरानं वारा घेत म्हणाली. "भन्तेजी आले असतील."

पळसदरी मागे पडली आणि रस्त्याकडेला फुलांनी मढवलेली एक कोरी गाडी दिसली. बॉनेटमधून वाफ उसळत होती. शेजारी कोट घालून उभा होता नेरळचा प्रबुद्ध, म्हणजे खुद्द नवरदेव! वऱ्हाडाची बस केव्हाच पुढे गेली होती. त्याचा ड्रायव्हर फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाला होता.

"हात लावू नको रं, भाजशील!" श्रीपत धावला. "अर्धा तास निवू दे, मग हे पानी घाल." त्यानं चारही कॅन उतरवून दिले. आता स्वतःजवळ थेंब नव्हता. सगळी भिस्त हीटरवर. "बसा, जावयबापू."

पहिल्या मैलात प्रबुद्धचा कोट उतरला, दुसऱ्यात टाय. साखरपुड्यापासून फोनवर 'जेवलात का'च्या पुढे न गेलेली ती दोघं एकाच रुमालाला घाम पुसत खळखळून हसू लागली. श्रीपतनं आरशातून पाहिलं आणि गाडी आणखी हळू घेतली.

हॉलच्या दारात नवरा-नवरी एकाच गाडीतून, चिंब भिजलेली उतरली. लोक बघतच राहिले. पण गाडी तापली नव्हती आणि भन्तेजी अजून चहाच घेत होते.

"पोरगं सोशीक हाय हो," भीमाबाई कुजबुजली. "एवढ्या उकाड्यात काच खाली करतो म्हनलं नाय."

"गुनाचं हाय," श्रीपत म्हणाला, आणि प्रबुद्धच्या बाजूची काच खाली करायचा, सकाळीच हातात निघून आलेला दांडा त्यानं खिशात आणखी खोल सारला.