भागी टिटवीचे पाय

एका जंगलात नदीच्या काठी गोटेच गोटे होते, आणि त्या गोट्यांत भागी टिटवीनं अंडी घातली होती. बाळांनो, टिटवी काही घरटं बांधत नाही. खाली उघडी जमीन, वर उघडं आभाळ. मग जिवाला घोर लागणार नाही तर काय?

भागी झोपायची ती उताणी, दोन्ही पाय वर करून. आभाळ पडलंच तर अंड्यांवर पडू नये, पायांवर झेलता यावं म्हणून. तिची आई तशीच झोपायची, आजीही तशीच. आणि भागी मध्येच दचकून उठली की टिवटिव करून अख्खं रान गोळा करायची.

शेजारी सांबरराव राहायचे. त्यांची दुपारची डुलकी मोडायची.

"भागे, आजवर कधी पडलंय का गं आभाळ?"

"नाही पडलं. पाय वर आहेत ना माझे."

"हिच्या डोक्याचं काहीतरी बघायला हवं," सांबरराव म्हणाले, आणि तिला वडाखाली डॉक्टर वटवाघळांकडे घेऊन गेले.

डॉक्टर फांदीला लटकूनच रोगी तपासायचे. त्यांनी भागीचे डोळे पाहिले, मान हलवून पाहिली, आणि त्रास काय होतो ते सांबररावांना विचारलं.

"मेंदूत पायवाटा असतात," मग ते भागीला म्हणाले. "तुझी भीतीची पायवाट पार गाडीवाट झालीय. ही गोळी घे. वाटेवर कुंपण उभं राहील. भीती पलीकडे जायची नाही."

"त्याच वाटेनं आणखी कोणी जात असेल तर?"

"तेही अडेल थोडं. त्याला इलाज नाही."

"पाय वर असणं इतकं वाईट का हो, डॉक्टरसाहेब? तुमचेही वरच आहेत."

"माझे धंद्यामुळे आहेत," डॉक्टर म्हणाले.

गोळी लागू पडली, खोटं कशाला बोलू? भागी पाय पोटाशी घेऊन गाढ झोपली. जीभ कोरडी पडायची, मान डुलायची, पण घोर म्हणून उरला नाही. फक्त त्याच वाटेनं अंड्यांची आठवणही ये-जा करायची, तीही कुंपणाशी अडली. भागी एका गोट्यावरच उबवायला बसू लागली. गोटा काय, अंडं काय, दोन्ही गोलच की.

आणि आभाळ खाली यायला लागलं.

आधी ते सावरीच्या शेंड्याला टेकलं. मग सांबररावांची शिंगं त्यात अडकली. ती कशीबशी सोडवून ते डॉक्टरांकडे पळाले.

"आभाळ खाली आलंय."

"असं कधीपासून वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं, आणि गोळी दिली.

हळूहळू सगळ्या रानानं गोळी घेतली. हत्ती गुडघ्यांवर चालू लागला. रानडुकरीण म्हणाली, "बरंय की, ऊन लागत नाही." आभाळानं डॉक्टरांची फांदी मोडली, तेव्हा ते आभाळालाच लटकले. जरा अवघडल्यासारखं झालं म्हणून त्यांनीही एक गोळी खाल्ली, आणि इतके निवांत झाले की गोळ्या करायच्याच विसरले.

भागीची गोळी संपली. कुंपण ढिलं पडलं. तिनं खाली पाहिलं तर गोटा. पलीकडे अंडी, आणि अंड्यांच्या वर चोचभर अंतरावर झोळीसारखं लोंबलेलं आभाळ.

ती धावली, अंड्यांशेजारी उताणी पडली आणि पाय वर रेटले. काटकुळे पाय ते, लटलट कापत होते. आभाळ करकरलं. हललं. मग सावकाश वर गेलं, आणि जाताना डॉक्टरांना वडाच्या दुसऱ्या फांदीला झोपलेलेच लटकवून गेलं. एका अंड्यातून आतल्या आत टकटक झाली.

हत्ती उठून उभा राहिला. एव्हाना सगळ्यांच्याच गोळ्या उतरल्या होत्या.

"झालं, हिचं पुन्हा सुरू," सांबरराव मान चोळत म्हणाले. "परवापर्यंत किती छान झोपत होती."

"न्या मला औषधाला," भागी पाय वर ठेवूनच म्हणाली. "झोप मलाही गोडच लागली. पण तेवढा वेळ हे कोण धरेल?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईचा आजार फारच वाढलाय, यावर एकमत झालं, आणि सांबरराव डॉक्टरांना जागं करायला गेले.

तात्पर्य : शेजाऱ्याच्या भीतीनं आपली झोप मोडत असेल, तर औषध शेजाऱ्याला द्यावं. त्यानं आभाळ खाली आलंच, तर एक गोळी आपणही घ्यावी. मान वाकवून चालायची सवय होते.