बिनचिठ्ठीची बाटली

सोमवारी सकाळी भागूबाईंनी कॅन्सरच्या पेशींची बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. भागूबाई म्हणजे चांगले मिशीवाले तंत्रज्ञ. पण एवढे भित्रे, की सगळी प्रयोगशाळा त्यांना याच नावाने हाक मारी. तीन दिवसांत पेशींनी बशीचा तळ भरायला हवा होता. त्या मात्र होत्या तेवढ्याच. मेल्या नाहीत, वाढल्याही नाहीत.

फ्रीज उघडला आणि उलगडा झाला. निरोगी पेशींना वाढायला घातलेलं पोषक द्रव वापरून झालं की टाकायचा कॅन शुक्रवारी भरला होता, म्हणून भागूबाईंनी ते वापरलेलं द्रव ताज्या द्रवाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं. चिठ्ठी लावायची राहिली. आणि तेच उष्टं त्यांनी कॅन्सरच्या पेशींना पाजलं होतं! ताज्या द्रवाची बाटली शेजारी सीलबंद. त्यांची नोकरी पक्की करण्याच्या कागदावर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आजच सही करणार होत्या.

त्यांची पाचावर धारण बसली. उरलेलं द्रव त्यांनी ब्लीच घालून सिंकमध्ये ओतलं, बाटली तीनदा घासली.

"भागूबाई, पेशी का वाढल्या नाहीत हो?"

"इन्क्युबेटर... गार पडला असेल, मॅडम."

मेकॅनिक आला. "मशीन ठणठणीत आहे. दोष दुसरीकडे शोधा," असं म्हणून तो आपल्याकडेच बघतोय, असं भागूबाईंना वाटलं. मग मॅडमनी द्रव विकणाऱ्या कंपनीलाच फोनवर झापलं. कंपनीचा माणूस धावत आला. "आमची कुठली बाटली वापरलीत, दाखवा."

भागूबाईंनी सीलबंद बाटलीकडे बघितलं, मग त्या माणसाकडे. बिचाऱ्याची नोकरी जाणार आपल्यापायी!

"मॅडम, मीच! निरोगी पेशींचं वापरलेलं पाणी घातलं मी!" ते रडायचेच बाकी होते.

मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. बराच वेळ वर आल्याच नाहीत.

"उपाशी राहिल्या म्हणावं, तर मरतुकड्या दिसायला हव्यात. या तर धडधाकट, नुसत्या थांबल्यात. निरोगी पेशींनी त्या पाण्यात असं काहीतरी सोडलंय, जे यांना आवरतंय. अहो, चार वर्षं मी हेच शोधतेय! ती बाटली कुठाय?"

"धुतली."

"अहो, तळाशी थेंबभर तरी?"

"तीनदा धुतली, मॅडम. ब्लीचने."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. मग त्यांनी नोकरीचा कागद पुढे ओढला आणि सही केली.

"आता कुठे जायचं नाही. शुक्रवारी केलंत ते सगळं पुन्हा करायचं. चूक जशीच्या तशी हवी मला."

भागूबाईंनी रिकामी बाटली उचलली.

"मॅडम... आणि या वेळी चुकून बरोबर झालं तर?"