आडीचा पहारा

कार्तिकेयची फोनची पाळी आली तेव्हा मागे अख्खी तुकडी रांगेत उभी होती, आणि तुकडीला दुसरं काही काम नव्हतं. चेन्नईच्या त्या लष्करी छावणीत सगळ्यांचे मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करून घेतले होते. उरला होता गार्डरूमबाहेरचा एक जुना फोन. त्याचा आवाज इतका खणखणीत, की पलीकडचं माणूस नुसतं खाकरलं तरी रांगेच्या शेपटाला कळायचं.

सीमेवर लढाई सुरू झाल्यामुळे प्रशिक्षण आटोपतं घेतलं होतं. येत्या रविवारी घरच्यांची भेट आणि सोमवारी गाडी. भेटीला प्रत्येकाचं एकच माणूस येऊ शकणार होतं. मैलापूरच्या बँकेतली पंख्याखालची खुर्ची सोडून सैन्यात आलेल्या कार्तिकेयने पासावर ताबडतोब बायकोचं नाव लिहिलं होतं. वैशाखात लग्न झालं आणि अंगाची हळद उतरायच्या आत तो इथे येऊन चिखलात रांगायला लागला होता. सोमवारनंतर काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याआधी नित्याला एकदा डोळे भरून पाहायचं, एवढंच त्याला हवं होतं.

"अम्मा, रविवारी नित्याला पाठव," तो म्हणाला.

"अय्यो, आडी चाललाय की रे," त्याच्या आई राजसबाई म्हणाल्या.

आडी म्हणजे तमिळ पंचांगातला आषाढ. नव्या जोडप्याने या महिन्यात एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, सुनेने माहेरी राहायचं. आडीत दिवस राहिले तर बाळंतपण ऐन चैत्राच्या काहिलीत येतं, असा त्यामागचा हिशेब. तंजावरहून आलेल्या या घराने भाषा मराठी ठेवली होती आणि पंचांग तमिळ. राजसबाई तर आडी शेजारच्या तमिळ बायकांपेक्षाही कडक पाळत. महिना लागला त्याच दिवशी त्यांनी नित्याला तांबरमला तिच्या माहेरी पोचवलं होतं.

"अम्मा, सोमवारी मी लढाईला जातों."

"लढाई मी लावली काय? आडी सरल्यावर लावा म्हण त्यांना."

मागे रांग खिदळली.

"अगं, तासाभराची भेट. भर मैदानात. शेजारी बंदूक घेतलेला पहारेकरी. त्यात काय होणार आहे?"

"ते मला नक्को सांगूं. गेल्या आठवड्यात शेजारच्या वसंताच्या सुनेला मीच अडवलें. आता माझीच सून गेली तर वसंता गावभर करील. मी येतें. वडे आणतें."

फोन बंद झाला. कार्तिकेयने तांबरमचा नंबर फिरवला.

"अम्मा नको म्हणतात तर मी कशी येऊं?" नित्या हळू आवाजात म्हणाली. "पहिलं वर्ष आहे. त्यांचं मन मोडून कसं चालेल?" मग जरा थांबून तिने विचारलं, "घरचं जेवण आत नेऊं देतात?"

"देतात. आणणाऱ्याने गेटवर चाखून दाखवायचं आणि शेवटपर्यंत डब्यापाशी बसायचं. लढाईचे दिवस आहेत, कुणावर भरवसा ठेवत नाहीत. तुला आत्ता वड्यांचं पडलंय?"

"सेरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. कार्तिकेय खट्टू झाला. बायकोला आपल्यापेक्षा वड्यांची काळजी जास्त, असं त्याला वाटलं.

आता एकच आधार उरला होता, सुभेदार जनकोजी माने. हा कोल्हापूरकडचा गडी खाकरला तरी नवे जवान आपोआप ताठ व्हायचे. "तुझ्या आईला मी सांगतो, राव," ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "आर्डर म्हंजे आर्डर." त्यांनी फोन लावला.

"मी सुभेदार माने बोलतोय. रविवारी सुनंला धाडायचं. आर्मीची आर्डर हाय." मग ते थांबले. "हं." पुन्हा थांबले. "हं, आक्का." मिशीवरचा हात खाली आला. "व्हय, हाय की लेक. यंदाच लगीन झालं. न्हाई, सासरीच हाय. आसं म्हणता?"

त्यांनी फोन अलगद ठेवला आणि कपाळ पुसलं. "राव, तुझी आई बराबर बोलतीया. आमच्यातबी आखाडात पोरीला म्हायेरी आणत्यात. मी पार इसरलो व्हतो." एवढं बोलून त्यांनी पासावरचं नित्याचं नाव खोडलं, तिथे राजसबाईंचं लिहिलं आणि लेकीला माहेरी आणायला सांगण्यासाठी घरी फोन लावला. म्हणजे कार्तिकेयची भेट तर गेलीच, वर सुभेदारांचा जावईही विनाकारण अडकला.

रविवारी मैदानावर मांडव घातला होता. बाकीचे जवान बायकांशेजारी लाजत बसले होते. कार्तिकेय चकचकीत बुटांनी आणि पडलेल्या चेहऱ्याने गेटवर उभा होता. रिक्षा थांबली. आधी राजसबाई उतरल्या, मग डबे, आणि डब्यांच्या मागून नित्या. तिने पदर पुढे ओढून पाठ फिरवली. आडीचा नेम मोडतो का ते बघायला आलेल्या वसंताकाकूंची मान रिक्षातून बाहेर आली आणि बाहेरच राहिली.

"ती तांबरमहून सामान उचलायला आली. गेटापर्यंतच," राजसबाई बजावत्या झाल्या. "तू तिकडे बघ."

कार्तिकेयने निमूटपणे तिकडे बघितलं.

"अम्मा, चाखून दाखवा," पहारेकरी म्हणाला.

"माझा उपास आहे. आडीतला ऐतवार, मारियम्मा देवीचा."

"मग डबे आत जाणार नाहीत."

"म्हणजे माझ्या लेकाने लढाईला उपाशी जायचं?"

आवाज ऐकून सुभेदार धावत आले. त्यांनी डब्यांकडे पाहिलं, राजसबाईंकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "आक्का, घरचंच कुणीतरी चाखाय पायजे. आनि चाखंल त्यानं डब्यापाशी बसाय पायजे. कायदा हाय." मग सगळ्यांच्या नजरा पाठमोऱ्या नित्याकडे वळल्या. "पर पासावर नाव एकच बसतंय. सूनबाई आत गेल्या तर तुमी भाईर."

राजसबाईंनी रिक्षापर्यंत ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला. "ऐकलंस ना वसंता? आता सरकारचाच कायदा म्हटल्यावर मी काय करूं?"

वसंताकाकूंनी मान रिक्षात आत घेतली. नित्याने पहारेकऱ्यासमोर एक वडा खाल्ला. पहारेकरी पुरे म्हणाला तरी तिने दुसराही खाल्ला.

"मांडवात नक्को," मागून राजसबाई ओरडल्या. "एका छपराखाली नक्को."

म्हणून दोघं मैदानाच्या मधोमध चेन्नईच्या उन्हात बसली. सबंध छावणीत एवढी सुखी माणसं दुसरी नव्हती. नित्याने त्याचं भादरलेलं डोकं न्याहाळलं, हसली, आणि तिचे डोळे भरून आले.

"उपास अम्मांना तूच सुचवलास?" त्याने विचारलं.

"मी इतकंच म्हटलं, मुलगा लढाईला जातो, कुणीतरी मारियम्माचा उपास धरायला हवा." तिने वडा त्याच्या हातावर ठेवला. "त्यांना काही कळलं नाही. भोळ्या आहेत हो."

कार्तिकेयने अभिमानाने बायकोकडे पाहिलं. घरी असा सेनापती असल्यावर सीमेवर कशाला भ्यायचं, असं त्याला खरोखर वाटलं. परत येईन, असं तो म्हणाला, आणि ती म्हणाली, "तर काय. आडी पहिल्याच वर्षी पाळायचा. पुढच्या वर्षी माझा आडी नसतो."

तेवढ्यात त्याची नजर गेटाकडे गेली. वसंताकाकूंना घेऊन रिक्षा निघून गेली होती. गार्डरूमच्या बाकावर राजसबाई आणि सुभेदार शेजारी शेजारी बसले होते. राजसबाईंनी सगळीकडे एकदा पाहिलं, पदराखालून कागदाची पुडी काढली, एक वडा सुभेदारांना दिला, आणि दुसरा त्यांच्या मगातल्या कॉफीत बुडवून सावकाश खाल्ला.

मायलेकरांची नजरानजर झाली. राजसबाईंनी घास थांबवला नाही. फक्त हाताने खूण केली, तू तिकडे बघ.

कार्तिकेयने ताबडतोब तिकडे बघितलं. तिकडे नित्या होती.