गाठीचं धनुष्य

"मोडते थे."

लिलाधरनं लहानपणी बांबूची कामटी वाकवून पहिलं धनुष्य केलं, तेव्हा जन्मभर लाकूडकाम केलेल्या बापाचा, मनिरामचा, हा आवाज त्याच्या कानावर पडला. धनुष्य खरंच मोडलं. पुढे लिलाधरनं पाळणा केला, खाट केली, तलावातल्या डोंग्याचं वल्हं केलं. मनिराम एक डोळा बारीक करून बघायचा, तेच म्हणायचा, आणि ते मोडायचं. दिघोरी गावात तुटक्या खाटेला लोक सरळ 'लिलाधरी खाट' म्हणू लागले.

म्हणूनच दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, सीतास्वयंवराची दंडार, तिथलं लोकनाट्य, ठरली, तेव्हा दंडार मंडळाचे भैय्याजी थेट त्याच्या अंगणात आले.

"लिलाधर, शिवधनुष्य तूच कर. रामाच्या हातात कटकन मोडलं पायजे. मांगच्या साली पायपाचं केलो, तं निसतं वाकलं. तुह्या हातचं हमखास मोडते!"

"म्हंजे मोडाचंच बनवाले सांगाले आले का जी?" लिलाधरचा चेहरा उतरला.

"अबे, मोडाचं बनवनं बी कलाच हाये! अन् टोकं क्यालेंडरातल्यावानी पुढं वळली पायजे."

भैय्याजींनी स्वतःच ढिगातून धामणाची काठी उपसली. एका अंगाला मुरडलेली आणि मुठीच्या जरा वर जाडजूड गाठ. "हेच घे. गाठीवर मोडन. भरोसा नसन तं मधात आरीनं चीर देजो."

लिलाधर नाइलाजानं कामाला बसला. पण तासायचा वाकस लाकडाला लागला आणि त्याचा हात हळू झाला. लाकडाची रेषा सरळ जातच नव्हती. तलावाच्या पाळीवरच्या पायवाटेसारखी वळत होती. तो तिच्या मागोमाग गेला. गाठीपाशी रेषा दुभंगली, आणि दगडाला वळसा घालून पाणी पुन्हा एक व्हावं तशी पलीकडे जुळली. तिथलं लाकूड त्यानं तासलं नाही. आईनं लेकराभोवती पदर धरावा तसं गाठीभोवती जाडच ठेवलं. मग काचेच्या तुकड्यानं बाकीची आतली बाजू खरवडत, वाकवून बघत, जिथं ताठ वाटेल तिथं पुन्हा खरवडत तो बसला. जेवायचंही विसरला.

टोकं वळवायला वाफ हवी होती. चुलीवर बायकोचं, सखाबाईचं, धान उसनायला, म्हणजे उकडायला, ठेवलेलं होतं. त्यानं टोक हंड्यात खुपसलं.

"काय जी, धान उसनून राहिले का धनुस?" सखाबाईनं कपाळावर हात मारला. पण जाळ तिनंच मोठा केला, आणि फुंकणीच्या तालावर गुणगुणली,

"वाकड्या गं काठीले, देवानं गाठ देल्ली,
वाकली, नाई मोडली, लेकीची जात भली."

मंडईच्या दिवशी सकाळी लिलाधरनं आरी हातात घेतली. मधोमध लावली. हात पुढे जाईना. 'गाठ तं हायेच, तिथंच मोडन,' अशी स्वतःची समजूत काढून त्यानं आरी ठेवली. खाटेवरून मनिराम एक डोळा बारीक करून बघत होता. त्याच्या ओठावर काहीतरी आलं. लिलाधर थांबला. म्हाताऱ्यानं ते गिळलं आणि काठी टेकत मंडईला निघून गेला.

दुपारी मंडप गच्च भरला. भैय्याजीच जनकराजा झाले होते. रामाचं काम करणाऱ्या प्रितमनं धनुष्याला जाळ्याच्या दोरीची प्रत्यंचा चढवली. टाळ्या पडल्या. मग त्यानं मोडायला ओढलं. धनुष्य चंद्रकोरीसारखं वाकलं आणि सुटताच पुन्हा जसंच्या तसं झालं.

"मोड नं बे!" जनकराजा दाढीआडून कुजबुजला.

"मोडून तं राहिलो, मोडून नाई राहिलं!"

त्यानं गुडघा लावला. धनुष्य उसळलं, रामाचा मुकुट उडून पेटीवाल्याच्या मांडीवर पडला. मागं चहा पीत बसलेल्या रावणाला दया आली. "तिकून तू धर, इकून मी धरतो," म्हणत तो आला. राम आणि रावण मिळून ओढू लागले. मंडपात शिट्ट्या, सगळ्यांचे मोबाईल वर.

इतक्यात ठरल्या वेळेला परशुराम झालेले कृष्णराव परशू नाचवत आत घुसले.

"कोणी मोडलं माझ्या गुरूचं धनुष्य?"

"कोनीच नाई मोडलं जी!" अख्खा मंडप ओरडला.

परशुरामानं अखंड धनुष्याकडे पाहिलं, आणि त्याला पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. शेवटी सीता झालेली ज्योत्सना उठली. "बाबा, तुमचा पन तं दोरी चढवाचा होता. थे तं यायनं कवाच चढवली. असं देखनं धनुस मोडता कायले?" आणि तिनं प्रितमच्या गळ्यात माळ घातली. मंडप टाळ्यांनी दणाणला.

"लिलाधर, तू मले बुडवलं!" भैय्याजी ओरडले, पण ओरडतानाही त्यांचा हात धनुष्याच्या वळणावरून फिरत होता. धनुष्य हातोहात फिरत पहिल्या रांगेत मनिरामपाशी आलं.

म्हाताऱ्यानं दोरी कानापर्यंत ओढली. कुणीतरी आधीच पुटपुटलं, "मोडते थे." लिलाधरनं मान खाली घातली.

मनिरामनं दोरी हळूच सोडली. गाठीवरून बोट फिरवलं.

"नाई मोडत," तो म्हणाला. "सकारीच बोलाचं होतं. माह्या हातून असं नाई झालं गा कदी, लिला."