वालाची शंभर टक्के परीक्षा

बियाणं साठवणं हा पोरखेळ नाही, ते शास्त्र आहे. आणि निवृत्तीनंतर शास्त्र शिकायला मी पूर्ण मोकळा होतो! आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत हे काम पेलणारा दुसरा माणूस नाही, असं मी छायाला, म्हणजे आमच्या हिला, सांगितलं.

"मोकळे आहात एवढंच खरं," ती म्हणाली.

प्रश्न वालपापडीचा होता. जांभळ्या किनारीच्या शेंगांचा हा वाल माझ्या सासूबाईंचा. त्या गेल्या, आणि मागच्या पावसात इगतपुरीला माहेरचं सगळं बी कुजलं. उरलं ते आमच्या गच्चीवरच्या, आता वाळून गेलेल्या एका वेलाचं वाटीभर बी. त्यातलं निम्मं न्यायला छायाच्या विमलावहिनी रविवारी येणार होत्या.

"आईचं एवढंच राहिलंय हो," छाया म्हणाली. ती ते राखेत घोळवून ठेवणार होती.

"राख? या काळात? माझ्यावर सोड!"

मी मोबाइलवर चिक्कार व्हिडिओ पाहिले होते. बी कोरडं हवं, थंड हवं, अंधारात हवं. मी ते सावलीत इतकं वाळवलं, की ताटात टाकलं तर पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजायचं. ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसाठी शेजाऱ्यांची बुटांची खोकी उघडली. शेजारचे मोतीराम म्हणाले, "पुडी घ्या, पण बूट राहू द्या!" मग काचेची बरणी, घट्ट झाकण, फ्रिजचा तळ. मंत्र्यालाही एवढा बंदोबस्त नसतो!

राहिली उगवण तपासणी. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळल्या. दहाच्या दहांना मोड! मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. पण मग मनात आलं, या दहा झाल्या, बाकीच्यांचं काय? त्या उगवतीलच याला पुरावा काय? नमुना पुरे, असं शास्त्र सांगतं. पण माहेरच्या माणसाच्या हाती न तपासलेलं बी द्यायचं? मी बरणी रिकामी केली, होतं नव्हतं ते बी भिजवलं आणि पंच्यात बांधून टांगलं.

"आता हे काय?" छायाने विचारलं.

"शास्त्र."

"मग माझ्या वाटेत टांगू नका."

रविवारी सकाळी ती वहिनींना आणायला स्टेशनवर गेली आणि मी पंचा सोडला. एकूण एक बी उगवलेलं! शंभर टक्के! मी टाळी वाजवायला हात उचलले आणि ते तसेच हवेत राहिले.

मोड आलेलं बी साठवता येत नाही.

पण मी डगमगणारा माणूस नाही! बी नाही तर नाही, वहिनींना रोपं देऊ! मोडांचं पातेलं ओट्यावर झाकून ठेवलं आणि नर्सरी गाठली. रिक्षात कुंड्या, कुंड्यांत माती आणि मातीच्या गोणीवर मी. रिक्षावाला म्हणाला, "काका, पुढच्या वेळी ट्रॅक्टर करा."

परत आलो तर दारातच जिऱ्या-खोबऱ्याचा खमंग वास.

"या दाजी!" वहिनी म्हणाल्या. "मला डाळिंब्या आवडतात हे लक्षात ठेवून वाल भिजवलात!"

छाया माझ्याकडे कौतुकाने बघत होती. लग्नानंतर प्रथमच! "तुमची तपासणी चाललीय म्हटलं, तर हा बेत होता होय! आम्ही दोघींनी गप्पा मारत सोलले. एक साल राहू दिलं नाही."

जांभळी किनार असते शेंगेला. सोललेला वाल मात्र कुठल्याही किराणा दुकानातल्या वालासारखाच दिसतो. मी कुंडी पोटाशी धरून उभा राहिलो.

वहिनींनी घास घेतला. "अगं बाई, काय चव! अगदी सासूबाईंची आठवण झाली. कुठून आणलात हो?"

"फ्रिजमधून," मी म्हणालो.

छायाचा हात ताटात थांबला. ती उठली, फ्रिज उघडला, रिकामी बरणी बघितली आणि फ्रिज लावला. ओरडली नाही. ओरडली असती तर मी इतका घाबरलो नसतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी इगतपुरी गाठली. वेल वाळला की सासूबाई मूठमूठ बी साऱ्या गोतावळ्यात वाटायच्या, एवढं मला माहीत होतं. कुणाकडे तरी असणारच! मी दारोदार हिंडलो. कुणी चहा दिला, कुणी पाणी, एकाने मला मत मागायला आलेला समजून तक्रारी सांगितल्या. वाल कुणाकडे नव्हता. मी पुढच्या गावी गेलो, मग त्याच्या पुढच्या. अखेर एका पडवीत कुसाबाई नावाच्या आजी भेटल्या. वहिनींचे फोन माझ्या आधी पोचले होते.

"तुम्हीच का ते बी खाणारं जावई?"

"हो."

"बसा मग. भाकरी टाकते. लय भूक दिसती तुम्हाला."

भाकरी खाऊन झाल्यावरच त्यांनी मूठभर वाल माझ्या रुमालात बांधला. "तुमच्या सासूनंच दिला व्हता. आता तिच्या लेकीच्या हातात द्या. मधी कुटं थांबू नका!"

थांबलो नाही. छायाने रुमाल सोडला, वाल ओंजळीत घेतला आणि एकेक दाणा उलटून पाहिला. मग कालपासूनचं पहिलं वाक्य बोलली, "तोंड दुसरीकडे करा."

बी आमच्या घरातच आहे. कुठे ठेवलंय ते वहिनींना माहीत आहे, खालच्या वॉचमनलाही माहीत आहे. तुम्हाला हवं असेल तर छायाला विचारा. मी विचारून पाहिलं!