शेवटचं प्रकरण आणि चौदा इंचांची खिडकी

या वेळी कादंबरीत एक जरी चूक सापडली, तर लिहिणंच सोडून देईन, असं लेखिकाबाईंनी रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत छातीठोकपणे सांगितलं होतं. सगळ्यांत वन्संही होत्या. वन्सं म्हणजे बाईंच्या नणंदबाई, धंद्याने मुद्रितशोधक. बाईंच्या लग्नात कोण किती वाजता आलं, हेही त्या अजून सांगू शकत. त्यांनी हस्तलिखिताचा गठ्ठा पिशवीत घालून घरी नेला.

बाई किशोरांसाठी साहसकथा लिहीत. चार पोरट्या चोरांची टोळी, तिजोऱ्या, कुलपं, छपरांवरून उड्या! आठ पुस्तकं झाली होती, मुलं ती वर्गात बाकाखाली धरून वाचत, आणि बाईंचे पाय काही जमिनीवर नव्हते.

गुरुवारी दुपारी भांडी घासताना त्यांच्या हातून पातेलंच निसटलं. टोळीला कुलपं उघडायला शिकवणारे आजोबा चौथ्या प्रकरणात वारले होते. पोरं हमसून हमसून रडली होती. आणि शेवटच्या प्रकरणात तेच आजोबा टोळीची गाडी भरधाव चालवत होते! वर ‘पट्टे बांधा रे’ असंही म्हणत होते.

उद्यापासून सकाळी उठून त्या चार पोरांना भेटायचं नाही, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. नवऱ्याने सुचवलं, की ताईला सरळ फोन करून सांग. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठूनच गेला. आठ पुस्तकं चोऱ्या रचलेल्या बाईने काय फोन करायचा? पानं बदलून आणायची, बस्स. वन्सं रोज तीस पानं वाचत, म्हणजे शेवटचं प्रकरण अजून लांब होतं. चारला त्या दातांच्या डॉक्टरकडे जाणार होत्या, आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीची कडी कधीच नीट लागत नसे. कादंबरीतली नायिका ज्या खिडकीतून शिरते, ती बाईंनी हीच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती.

सव्वाचारला बाई नवी पानं कमरेला खोचून मागच्या अंगणात उलट्या बादलीवर चढल्या. डोकं आत गेलं. खांदे तिरके करून गेले. हात ओट्याला टेकले. मग कंबर आली, आणि तिथे कादंबरीची आणि आयुष्याची फारकत झाली. पुढे सरकता येईना की मागे. धडपडीत पायाखालची बादलीही गडगडत निघून गेली.

“वहिनी, हलू नका.”

दारात वन्सं उभ्या होत्या. डॉक्टरांनी वेळ पुढे ढकलली होती. वन्संनी शिवणाची टेप आणून आधी चौकट मापली, मग बाईंना मापलं, आणि दोन्ही आकडे हिरव्या पेन्सिलीने टिपून घेतले.

“चौदा इंच. मला शंका होतीच. तुमची नायिका पाठीवर पोतं घेऊन शिरते इथून. पोतं आधी आत टाकायला सांगा तिला.”

“वन्सं, आधी मला ओढा हो.”

वन्संनी काखेत हात घालून जोर लावला. ओट्यावरचे डबे कोसळले आणि दोघी डब्यांसकट जमिनीवर आल्या. कमरेची पानं विखुरली. वन्संनी एक उचलून वाचलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

“आजोबांचं ना? ते मी सोमवारीच बदललं. गाडी चालवायला पोरांच्या मावशीला बसवलंय. शेवटचं प्रकरण मी नेहमी आधी वाचते. शेवटी वाचलं तर डोळे दमलेले असतात, चुका निसटतात.”

मग त्यांनी कपाट उघडून दाखवलं. आत आधीच्या पुस्तकांचे आठ गठ्ठे होते, पानोपानी हिरव्या खुणा. एका पुस्तकात एकच मांजर दोनदा मेलं होतं, दुसऱ्यात एकाच दिवशी सूर्य दोनदा मावळला होता. छापील प्रतींत यातलं काहीच नव्हतं. आपण लिहितोच इतकं बिनचूक, अशी बाईंची इतकी वर्षं समजूत होती.

“मग सोडू का आता लिहिणं?” बाईंनी हळूच विचारलं.

“आणि मी काय वाचू?” वन्सं म्हणाल्या.

एवढं सांभाळून घेणारं माणूस आपल्या वाट्याला आलं, आणि आपण त्याच्या खिडकीतून चोरासारखे शिरलो! आधीची आठही पुस्तकं त्यांनी स्वतःच्या प्रतिभेला अर्पण केली होती. त्या संध्याकाळी कंबर शेकत त्यांनी नवव्या पुस्तकाची अर्पणपत्रिका लिहिली: ‘मला खिडकीतून ओढून बाहेर काढणाऱ्या वन्संना, कृतज्ञतेने.’

दुसऱ्या दिवशी पान परत आलं. ‘बाहेर काढणाऱ्या’ हे शब्द हिरव्या पेन्सिलीने खोडून वर लिहिलं होतं, ‘आत घेणाऱ्या’. शेजारी समासात बारीक अक्षरात दोन ओळी होत्या: ‘तपशील चुकू नये. कंबर कशी आहे?’