नोंदीनुसार सुधाताई बोटीवरच होत्या

प्रवासाने माणसाचं मन विशाल होतं, हे सर्वमान्य आहे. त्यासाठी पुरेसा वेळ मात्र द्यावा लागतो. डॅन्यूब नदीवरच्या आमच्या क्रूझने रेगेन्सबुर्ग गावासाठी तो दीड तास ठरवला होता. त्यात मध्ययुगीन कॅथीड्रल, जुना दगडी पूल, सॉसेज (शाकाहारींसाठी त्याचा वास) आणि मनाची विशालता, एवढं बसवायचं होतं.

पुण्याचे निवृत्त इंजिनियर आत्माराम दामले आणि त्यांच्या पत्नी सुधाताई यांना ही सहल बॉनला राहणाऱ्या लेकीने, ऋचाने, भेट दिली होती. आत्माराम जबाबदार गृहस्थ. बोटीवर परतल्याची नोंद करायची दोघांची कार्डं त्यांच्याच गळ्यात होती. स्वतःच्या फोनमधली जागा संपल्यामुळे सुधाताईंचा फोनही त्यांच्याच हातात होता.

कॅथीड्रलमध्ये शिरताच आमच्या सगळ्या गटाने भक्तिभावाने फोन वर केले. कित्येक पिढ्या खपून उभारलेली ती वास्तू आत्मारामांनी अडीच मिनिटांत उरकली. (छत उंच होतं, एरवी दोन पुरतात.)

"अहो, काचांमधून उजेड बघा कसा पडलाय. बसू या ना जरा."

"तू बस, मी समोरून घेतो."

समोरून, मग बाजूने घेत घेत ते बाहेर पडले. पूल चालता चालता घेतला. बोटीवर येऊन दोन्ही कार्डं यंत्राला लावली. यंत्र दोनदा समाधानाने वाजलं आणि बोट सुटली.

चहाच्या वेळी स्वतःचा फोटो काढून हवा झाला, तेव्हा बायको नसल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ते काउंटरकडे धावले.

"माझी बायको मागे राहिली!"

काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन पाहिला. "नाइन," म्हणजे नाही. "त्या बोटीवर आहेत."

"नाहीये हो!"

"आहेत. तुमच्याबरोबरच आल्या." (जर्मनीत नोंदीपुढे नवऱ्याचं काय चालणार?)

शेवटी बाईंनी वर्णन विचारलं. कपडे कोणत्या रंगाचे? आत्मारामांना आठवेना. त्यांनी शेकडो फोटो चाळले. कमानी होत्या, मनोरे होते, अनोळखी जपानी कुटुंब होतं. एका फोटोत कोपर होतं; ते सुधाचं असावं.

इकडे सुधाताई मनसोक्त बसून बाहेर आल्या, तर बोट गायब. त्या घाबरल्या, थोड्या रडल्या, मग पुलावर गेल्या. तिथे ऊर्मिला नावाची पीएच.डी. करणारी मुलगी फोनवर आईशी मराठीत भांडत होती. तिने भांडण थांबवलं, ऋचाला कळवलं (वडिलांकडचे दोन्ही फोन नदीवर लागत नव्हते), सुधाताईंना जेवू घातलं आणि रेल्वेने पुढच्या गावी, पासाउला, स्वतः नेऊन पोचवलं. रेल्वे बोटीच्या पुष्कळ आधी पोचली.

संध्याकाळी बोट धक्क्याला लागली, तर समोर सुधाताई उभ्या. आत्मारामांचे डोळे भरून आले.

"अगं, कुठे होतीस?"

"पूल बघत होते. काय सुंदर आहे हो!"

"हो ना," डोळे पुसत ते म्हणाले. "चल, दाखवतो तुला." आणि त्यांनी फोन उघडला.

तुम्ही हसलात, ते बरं केलंत. फक्त मघापासून शेजारी कुणीतरी तुमच्याशी बोलतंय, आणि हे वाचता वाचता तुम्ही दोनदा 'हं' म्हणाला आहात.